मधोमध मूठ

मला तो माणूस जिवंत हवा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याची जी सेवा केली ती ऐकून कुणाला माझ्या चांगुलपणाचं कौतुक वाटायला नको. वॉर्डातल्या डॉक्टरांना वाटलं, त्याच्या बायकोला वाटलं, खुद्द त्यालाही वाटलं. वाटू दे. माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक.

परळच्या एका इस्पितळात मी तेव्हा स्टाफ नर्स होते, पुरुषांच्या हृदयविकाराच्या वॉर्डात. संयुक्त महाराष्ट्राचं भांडण मिटायला आलं होतं. मुंबई मिळणार हे नक्की झालं होतं आणि लालबाग-परळात जो तो आपणच मिळवली अशा थाटात फिरत होता. अशात एका सकाळी स्ट्रेचरवरून एक गोरे, जाडसर गृहस्थ आले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, ओठ काळेनिळे, आणि छातीच्या बरोबर मधोमध मूठ दाबून धरलेली. तोंडाने मात्र चाललं होतं, "काही नाही हो, गॅस आहे. थोडा सोडा द्या. मी स्वतः डॉक्टर आहे."

मी चेहरा पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या गिरणीच्या दवाखान्याचा डॉक्टर! लहानपणी हिवतापाच्या कडू गोळ्या याच्याच हातून खाल्ल्या होत्या. त्याने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. गिरणीतल्या माणसांची पोरं त्याच्यासमोर रांगेने येत आणि रांगेने जात. मान वर करून बघायची सवय त्याला कधीच नव्हती, आणि माझं सगळं भांडण त्या वर न झालेल्या मानेशीच आहे.

माझे वडील त्याच गिरणीत साचेवाले होते, मागावर काम करणारे. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभे राहायचे आणि संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून सगळ्या मजल्याला हसवायचे. गणपतीच्या मेळ्यात ते काम करत. म्हातारी, सावकार, हवालदार, सांगाल ते सोंग. मोर्चांचे दिवस आले तेव्हा या कलेला भलतंच गिऱ्हाईक मिळालं. गिरणीतून अर्ध्या पाळीत सुटायचं तर डॉक्टरचा पास लागे. ताप खोटा आणता येत नाही, जुलाब दाखवता येत नाहीत. राहता राहिली छाती. मोर्चाच्या आदल्या दिवशी आमच्या गॅलरीत तालीम भरायची. वडील मधे उभे आणि भोवती पाच-सात साचेवाले.

"डावी बाजू धर रे, डावी! काळीज खंय असता? आणि येवडो ओरडू नको. ओरडलंस की गावलंस. निसता कण्ह."

सगळे डावीकडे हात लावून कण्हायचे आणि आई आतून तवा आपटत म्हणायची, मेल्यांनो, एक दिवस खरंच दुखेल. पोटं धरून हसायचे सगळे. वडिलांनी स्वतः मात्र ही युक्ती एकदाही वापरली नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "मास्तर कधी परीक्षेक बसता काय?"

मी तेव्हा नर्सिंग शिकत होते आणि परळलाच होस्टेलवर राहत होते, म्हणून त्या दिवशी घरी नव्हते. जे झालं ते मला शेजारच्या साच्यावरच्या काकांनी सांगितलं. वडिलांबरोबर दवाखान्यात तेच गेले होते. मोठा मोर्चा होता. सकाळपासून वडिलांना बरं वाटत नव्हतं. मग त्यांनी साचा बंद केला आणि काकांना नुसती खूण केली. दवाखान्यात डॉक्टर पेपर वाचत बसला होता. मॅनेजरची ताकीद होती, आज एकाही माणसाला पास मिळता कामा नये. काका म्हणाले, "साहेब, याच्या छातीत दुखतंय." डॉक्टर पेपरातून म्हणाला, "कालपासून अर्ध्या गिरणीच्या छातीत दुखतंय. मोर्चाला जायचंय तर बिनपगारी जा की! छातीला कशाला बदनाम करता?" कंपाउंडरने सोडामिंटचं औषध पाजलं. डॉक्टरने पेपर उलटला. एवढंच. माझे वडील परत साच्यावर गेले.

पाळी संपल्यावर ते चालत घरी आले. चाळीच्या तोंडाशी बायका पाण्याला उभ्या होत्या, मोर्चाहून परतलेली दोन-चार पोरं कट्ट्यावर बसली होती. वडील छाती धरून आत आले आणि हशा पिकला. "बघा, आज मास्तरच परीक्षेला बसले!" तळमजल्यावरचा एक आडदांड शेजारी तर टाळ्याच वाजवायला लागला. वरच्या गॅलरीतून आईने वाकून पाहिलं. तीही हसली. म्हणाली, "पुरे झाला ता सोंग! वर येवा, जेवाण थंड होता."

आणि ते वर निघाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिन्याला वळण आहे, तिथे बसले ते बसलेच. खालून टाळ्या अजून चालूच होत्या.

त्यानंतर आईने त्या जिन्यावर पाय ठेवला नाही. चाळीच्या मागच्या अंगाला संडासांच्या बाजूने एक अरुंद, घाणेरडा जिना आहे. पाण्याची कळशी घेऊन ती त्या जिन्याने चढायची, सणावाराला नवं लुगडं नेसून त्याच जिन्याने. बोलायची नाही फारसं. कधी भात उतरवताना मधेच म्हणायची, "मीच वर बोलयलंय गो तेंका. खाली बसयले असते तर?" काळजी करू नको, तुझी चूक नाही, असं मी शंभरदा सांगितलं असेल. पोरीचं कोण ऐकतं. पोर आईची बाजू घेणारच.

पुढे मी वॉर्डात काम करायला लागले तेव्हा मोठे डॉक्टर एकदा विद्यार्थ्यांना शिकवत होते. म्हणाले, बोट ठेवून "इथे, डावीकडे" असं दाखवणारा पेशंट बहुधा चालत घरी जातो. मधोमध मूठ किंवा पंजा दाबून धरणारा आला तर हातातलं टाकून त्याच्याकडे धावा. मी पट्टी गुंडाळत होते. ती हातातच राहिली. त्याच रविवारी मी काकांच्या खोलीवर गेले आणि विचारलं, "बाबांनी हात कुठे धरला होता?"

काकांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि छातीच्या मधोमध ठेवली. मग स्वतःच आपल्या मुठीकडे बघत राहिले. तालमीत वडिलांनी हे कधीच शिकवलं नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते डॉक्टरला, त्याने त्यासाठी परीक्षा दिल्या होत्या. शेजाऱ्यांना कळणं शक्य नव्हतं, आईला नव्हतं. सगळ्या मुंबईत त्या दिवशी एकाच माणसाने मान वर केली असती तर पुरलं असतं, आणि तो पेपर वाचत होता. मी घरी जाऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तू माझा चेडू. तू असाच सांगतलंस."

तेव्हाच मी ठरवलं. हे आईला मी सांगून चालायचं नाही. त्यानेच सांगायला हवं, त्याच्या तोंडाने, तिच्यासमोर.

आणि आता तो माझ्यासमोर स्ट्रेचरवर होता.

"सोडा द्या," तो म्हणाला.

"सोडा मिळायचा नाही," मी म्हटलं. "मॉर्फिया मिळेल." आणि हाउसमनला, वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला, हाक मारली.

ईसीजीच्या वायरी लावल्या, पट्टीवर जे दिसायचं ते दिसलं. कॉरोनरीचा मोठा झटका. आजच्या लोकांना खरं वाटायचं नाही, पण तेव्हा त्यावर औषध म्हणजे मुख्यतः पडून राहणं. मॉर्फिया, प्राणवायू, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं, आणि सहा आठवडे अंथरूण. पडून म्हणजे अगदी पडून. स्वतःच्या हाताने जेवायचं नाही, दाढी करायची नाही, कुशीवर वळायचं तर नर्सने वळवायचं. वर आणखी एक नियम, आणि माझं घोडं अडलं ते तिथेच. पेशंटला धक्का द्यायचा नाही. पेपर नाही, रेडिओ नाही, घरचं भांडण नाही, वाईट बातमी नाही. रागाने, भीतीने, दुःखाने ते जखमी काळीज कधी बंद पडेल सांगता येत नसे.

म्हणजे ज्याला सांगायचं त्यालाच सांगता येत नव्हतं! मी बोलले आणि हा मेला, तर आईला सांगणार कोण? पहिल्या दिवशी मी साठवणीच्या खोलीत जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर दोन बुक्क्या मारल्या आणि मनाशी म्हटलं, ठीक आहे. बघतेच कसा मरतोस ते.

मग मी त्याला असं जपलं की बोलायची सोय नाही. पेज भरवायची ती निववून. अंग पुसायचं ते पाठीला फोड येऊ नये म्हणून दोनदा. त्याच्या स्पेशल खोलीच्या दारात मी पहारेकऱ्यासारखी उभी. दादरहून नातेवाइकांचा घोळका यायचा, हलवा, नारळाच्या वड्या, कुठल्या कुठल्या देवाचे अंगारे घेऊन. मी एकेकाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायची. त्याची बायको बिचारी साधी होती. माझा हात धरून म्हणाली, "पोटच्या मुलीसारखं करतेस गं." मी हात सोडवून घेतला आणि थर्मामीटर झटकत बसले.

एकदा दुपारी खोलीत गेले तर पलंग रिकामा. स्वारी भिंतीला धरून संडासाकडे निघालेली! बेडपॅनची लाज वाटते म्हणून उठणारे पुरुष आम्ही ढिगाने पाहिले होते, त्यातले काही संडासाच्या दारातच गेले होते. मी धावले, त्याला बगलेत धरलं, वॉर्डबॉयला हाक मारून उचलून पलंगावर टाकलं आणि जी सुरू झाले! "लाज वाटते? मेल्यावर आम्हीच सगळं पुसणार आहोत, तेव्हा नाही वाटायची? खबरदार पाय खाली टाकलात तर! माझ्या हातून मरायचं नाही, सांगून ठेवते!"

तो धापा टाकत होता. मग त्याचा चेहरा पांढरा पडला आणि मूठ परत मधोमध गेली. "सिस्टर," तो पुटपुटला, "दुखतंय हो. खरंच दुखतंय."

खरंच. कुणी विचारलं होतं त्याला खरं की खोटं? मी ऑक्सिजन लावला, जिभेखाली गोळी ठेवली, हाउसमन जिन्यात होता त्याला ओरडून बोलावलं. इंजेक्शन दिलं. त्याची मूठ सैल होईपर्यंत मी नाडी धरून बसले. मनातून त्याचा गळा धरला होता, हातात मनगट होतं. डोळे उघडल्यावर म्हणाला, "तुम्ही लगेच आलात."

"तुम्ही दुखतंय म्हणालात," मी म्हटलं. "ऐकलं की यायचं असतं."

त्याला त्यात काही लागलं नाही. लागायचं कारणच नव्हतं.

मग महाराष्ट्र झाला. परळ नुसतं पेटल्यासारखं झालं होतं, फटाके, लेझीम, गुलाल, गिरण्यांचे भोंगे. खिडक्या लावूनही आवाज आत येत होता. मी त्याला पेज भरवत होते. कसला गलका म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं. तो गालात हसला.

"चला, सुटलो म्हणायचं. आता कुणाची छाती दुखायची नाही."

माझा चमचा हवेत थांबला.

"तुम्हाला ठाऊक नाही, सिस्टर. मी गिरणीत होतो ना, मोर्चा म्हटला की सगळ्यांना हार्टचा विकार! एकेक नमुने. एका लेकाला तर सोडा पाजून परत साच्यावर धाडला. पुन्हा म्हणून आला नाही बघा!"

आणि हसला. पोटावर चादर हलेपर्यंत हसला.

मी वाटी खाली ठेवली. बाहेर आले, बेडपॅन धुवायच्या खोलीत गेले आणि तिथली सगळी भांडी एकेक करून मोरीत आपटली. आया धावत आली, काय झालं म्हणून. झुरळ होतं म्हटलं. रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. पुन्हा आला नाही! कसा येणार, मेल्या? मग तोंड धुतलं, परत गेले आणि उरलेली पेज भरवली. ती निवली होती, म्हणून आधी गरम करून आणली. सांगते ना, मला तो जिवंत हवा होता.

आठवडे सरले. आधी उशीला टेकवून बसवला, मग पाय खाली सोडले, मग खुर्ची, मग दोन माणसांच्या आधाराने खोलीतल्या खोलीत चालणं. ईसीजी स्थिर झाला. घरी धाडायचं ठरलं तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं.

"सर, आता यांना वाईट बातमी सांगितली तर चालेल का?"

"कोण गेलं?"

"त्यांच्या गिरणीतलं एक माणूस."

त्यांनी जरा विचार केला. "हरकत नाही आता. खुर्चीत बसवून सांगा. हळू सांगा."

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी आईला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. "माका कित्याक नेतंस थंय?" वाटभर तेच. मी सांगितलं, गिरणीचा डॉक्टर आजारी आहे, तुला त्याच्याकडून एक ऐकायचंय. मग पदर डोक्यावरून घट्ट ओढून माझ्यामागून चालली.

त्याला मी खुर्चीत बसवलं. पाठीला उशी दिली. नाडी बघितली, चांगली होती. दाराशी आई उभी. मग मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि हळू सांगितलं. मोर्चाचा दिवस, पेपर, सोडामिंट. तो एक नमुना, सोडा पिऊन गेला तो पुन्हा का आला नाही ते. जिन्याचं वळण. टाळ्या. "ते माझे वडील. ही माझी आई. हिला वाटतं, हिने मारलं त्यांना."

मी तयारीत होते. तो म्हणेल, तुझा बापच सगळ्यांना शिकवायचा. म्हणेल, मॅनेजरचा हुकूम होता. मी प्रत्येकाचं उत्तर घोटून ठेवलं होतं. पण तो अखेर डॉक्टर होता. त्याने एकच विचारलं.

"हात कुठे होता त्यांचा?"

मी मूठ वळली आणि छातीच्या मधोमध ठेवली.

त्याचा स्वतःचा हात मांडीवर होता, तो नकळत वर येऊ लागला आणि मधेच थांबला. मग त्याने मान वर केली आणि दाराकडे, आईकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "मी बघितलं असतं तर ओळखलं असतं. मी बघितलंच नाही. तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं. तुम्ही वर बोलावलंत म्हणून ते गेले नाहीत. मी परत पाठवलं म्हणून गेले."

मी इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी दात-ओठ खात होते ते हेच. मला वाटलं होतं, ऐकून आग विझेल. छे! उलट वाटलं, इतकं सोपं होतं? एवढंसं बोलायला याला मरणाच्या दारात जाऊन यावं लागलं? मी त्याला माफ केलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

आई पुढे आली. खुर्चीच्या अगदी जवळ. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिने त्याला नीट न्याहाळलं, भाजीवालीकडचा भोपळा न्याहाळावा तसं. मग म्हणाली,

"बरे होवा. लय वर्सां जगा. आणि जिनो चढताना दर पायरेर माझ्या घोवाक आठवा."

नेमकी त्याच वेळी त्याची बायको फळांची पिशवी घेऊन आत आली. तिला शेवटचं कळलं नसावं. "किती गोड हो तुमच्या आई," ती मला म्हणाली, "आशीर्वाद देतायत!" डॉक्टर खाली बघत होता. "हो," तो म्हणाला, "आशीर्वादच."

आम्ही चालतच लालबागला आलो. चाळीत शिरलो तसं मी सवयीने मागच्या बाजूला वळले. ती वळली नाही. ती पुढच्या जिन्याकडे गेली. पहिल्या पायरीवर तळमजल्यावरचा तो आडदांड शेजारी बसला होता, टाळ्या वाजवणारा. विडी ओढत होता. आईला तिथे बघून तो गडबडला. काकू, इकडून कशा, असं काहीसं म्हणाला.

"सरक," आई म्हणाली.

तो उठून भिंतीला लागून उभा राहिला, आणि आई वर चढून गेली.